बुटका सोफा

आमच्या गुडघ्यांच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरबाईंना सगळे घाबरतात आणि खुर्चीमावशींचं सगळे ऐकतात. या दोन गोष्टींत फरक आहे. औषधांच्या खिडकीमागे बसून मी तो इतकी वर्षं पाहिलाय की त्यावर भाषण देऊ शकेन. कोणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

मावशींचं काम सांगायला साधं. आलेल्या माणसाला बसायला जागा दाखवायची, पाळी आली की हाक मारायची आणि बाईंच्या खोलीत सोडायचं. मावशी उंचीने बेताच्या, आवाजाने दुप्पट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे त्या कुठून येताहेत हे आंधळ्यालाही कळावं. दाराजवळ त्यांचं स्वतःचं एक लाकडी स्टूल आहे. त्या स्वतः त्यावर फारशा बसत नाहीत, पण दुसऱ्या कोणी टेकायचा विचार जरी केला तरी त्यांना लांबून कळतं. एकदा बाईंच्या सासऱ्यांनाही त्यांनी त्यावरून उठवलं होतं.

"इकडे या बाबा, तिथे वारं लागतं. आजी, तुम्ही इथे, उजेडात. ताई, तुम्ही या सोफ्यावर या, मऊ आहे." असं त्यांचं दिवसभर चालायचं. माणसाला वाटायचं, किती ही काळजी! काळजी होतीच, नाही असं मी म्हणणार नाही. पण काळजीच्या आड मावशींचा एक डाव असायचा, आणि तो माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. माझी खिडकी नेमकी हॉलसमोर आहे आणि औषधं देणं हे काही डोकं गुंतवून ठेवणारं काम नव्हे, म्हणून लक्षात आला.

आमच्या हॉलमध्ये भिंतीलगत उंच, ताठ पाठीच्या, हातांच्या खुर्च्या आहेत. त्यांवरून उठायला काहीच त्रास नाही. आणि बाईंच्या दाराशी एक तपकिरी सोफा आहे. तो इतका बुटका होता की बसलेल्या माणसाचे गुडघे हनुवटीला भेटायला यायचे. बसताना स्वर्ग, उठताना नरक. ज्यांचं ऑपरेशन झालंय किंवा ठरलंय, त्यांना मावशी खुर्ची द्यायच्या. ज्यांचं 'बघू, विचार करू, मुलाला विचारू' असं भिजत घोंगडं पडलंय, त्यांना सोफा. पाळी आली की त्यांना हाक मारायची. मग तो माणूस एक हात सोफ्यावर, एक हात भिंतीवर, तोंडाने 'आई गं' म्हणत उठायचा आणि तसाच कळवळत दोन पावलांवर बाईंच्या समोर. बाई विचारायच्या, "काय ठरवलंत?" अशा वेळी माणूस दुसरं काय ठरवणार?

सोफ्यावर शेजारी कोण, तेही मावशींनी ठरवलेलं. आमच्याकडे एक पळत्या आजी आहेत. दोन्ही गुडघे नवे. तपासणी असो नसो, त्या दवाखान्यात येतात, कारण त्यांना घरी करमत नाही. "मी जिने चढते, मी बाजारात जाते, मी परवा बस पकडली, धावत!" हे त्या ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगतात. त्यांची जागा सोफ्याच्या हाताशी. उलट तक्रारकाका म्हणून एक आहेत. ऑपरेशन बाईंच्या मते उत्तम झालं, काकांच्या मते त्यांच्या आयुष्याचं वाटोळं झालं. काका आले की मावशी त्यांना पार मागे, खांबाच्या आड, पाण्याच्या मशीनजवळ बसवायच्या. तिथून त्यांचा आवाज पुढे यायचा नाही. आला तरी मशीनच्या घरघरीत विरून जायचा.

एका दुपारी हॉल रिकामा होता, तेव्हा मी मावशींना हटकलंच.

"मावशी, लोकांना गुंडाळताय तुम्ही."

"मी? काय खोटं बोलले मी कुणाशी?"

"खोटं नाही बोललात. पण त्या सोफ्यावर का बसवता सगळ्यांना?"

"मऊ आहे म्हणून."

"मावशी."

त्या खिडकीच्या फळीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "हे बघ, माणसाला कुठेतरी बसवावंच लागतं ना? हवेत लटकवून ठेवू? कुठेही बसवलं तरी शेजारी कोणीतरी येणारच. मग चांगलं बोलणारं माणूस आलं तर तुझ्या पोटात का दुखतं? वर्षानुवर्षं कण्हत बसतात हे लोक. त्यांना जरा ढकललं की पुढे जातात आणि मग माझेच पाय धरायला येतात."

"आणि ज्यांना तक्रारकाकांसारखं होतं ते?"

"तो माणूस जन्मतानाच तक्रार करत आला असणार," असं म्हणून मावशी जुडगा वाजवत निघून गेल्या. पाच मिनिटांत त्यांनी आणखी दोन पेशंट बसवले. दोघंही सोफ्यावर.

हे सगळं गमतीत चाललं होतं. पण एक दिवस मावशींचे यजमान दवाखान्यात आले, पेशंट म्हणून.

ते फरशी बसवण्याचं काम करतात. गावातल्या निम्म्या घरांच्या जमिनी त्यांच्या हातच्या आहेत. लोक घर बघायला आले की भिंतीचा रंग बघतात, हे आल्याबरोबर खाली बघतात. मितभाषी माणूस. पण फरशी एका बाजूने केसभर जरी उचललेली असली तरी यांच्या कपाळाला आठी पडते. आयुष्यभर गुडघ्यांवर काम केल्यामुळे गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. जिना उतरताना ते खेकड्यासारखे आडवे उतरायचे. मावशी वर्षभर त्यांच्या मागे लागल्या होत्या की एकदा बाईंना दाखवा. एवढ्या लोकांना मावशींनी मार्गी लावलं, आणि घरचा माणूस मात्र हाताला लागत नव्हता. हे त्यांना आतून फार लागत होतं. एकदा माझ्यापाशी त्या नुसत्याच म्हणाल्या, "रोज सकाळी पलंगावरून उठताना ते माझ्याकडे पाठ करतात. तोंड दिसू नये म्हणून." एवढं बोलून त्या गेल्या. त्या दिवशी मी त्यांची चेष्टा केली नाही.

शेवटी ते आले. मावशींनी हॉलवर एकदा नजर फिरवली आणि सगळ्या युक्त्या एकदम वापरल्या. यजमान सोफ्यावर, एका हाताला पळत्या आजी, समोर ऑपरेशननंतर नुकतीच काठी सुटलेली एक बाई. तक्रारकाका त्या दिवशी नेमके आलेले, तर त्यांना खांबाच्या आड ठेवून वर पाण्याचं मशीन चालू केलं. आजींनी बसमागे धावल्याची गोष्ट सांगितली. त्या दिवशी ती बस बरीच जोरात जात होती. मग मावशींनी हाक मारली. यजमान उठायला लागले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून मी गोळ्या मोजता मोजता थांबलो.

आत बाईंनी सगळं समजावून सांगितलं. बाई कधीच काही लपवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दुखणं जाईल, चालणं सुधारेल, पण नव्या गुडघ्यावर टेकून काम करणं बहुतेकांना जड जातं, काहींना मुळीच जमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण यजमानांचा गुडघा अजून सोफ्यातच अडकला होता. प्रत्येक वाक्याला त्यांनी मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, "करून टाका." तारीख ठरली. मावशींनी दवाखान्यात सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, बिस्किटासकट, म्हणजे आनंद किती झाला होता ते समजा.

मग काही दिवसांनी एका सकाळी त्या आल्या त्या जुडगा हातात घट्ट धरून, आवाज न करता. मला वाटलं आजारी आहेत.

"काय झालं मावशी?"

"लेकीचं नवं घर होतंय ना, तिथली फरशी हे स्वतः घालणार म्हणून बसलेत." त्या हळू आवाजात सांगत होत्या. "काल जेवताना लेकीला म्हणाले, आता घाई करू नकोस, ऑपरेशन होऊ दे. नवे गुडघे आले की मस्त टेकून बसतो आणि अशी फरशी घालतो की लोक चपला हातात घेऊन चालतील. एवढे खूश होते रे."

"म्हणजे बाईंनी सांगितलेलं त्यांच्या..."

"कानावरून गेलं. मीच घालवलं. तो तक्रार्‍या काय बोंबलत असतो? कुंडीत माती घालायला खाली टेकता येत नाही म्हणून. हेच ना? आणि त्याला मी लपवून ठेवला."

मी माझा नेहमीचा शहाणपणा केला. म्हणालो, "मग बाईंना सांगा परत समजवायला."

"बाईंसमोर हे शाळेतल्या पोरासारखे मान डोलावतात. शंभरदा सांगितलं तरी डोलावतील." त्यांनी जुडगा फळीवर ठेवला. "आणि खरंच कळलं तर ऑपरेशनला नाही म्हणतील. मग परत तेच. सकाळी पाठ करून उठणं. मला नाही बघवत."

एकीकडे नवऱ्याचं दुखणं, दुसरीकडे त्याच्या हातातलं काम. दोन्ही त्याचंच, आणि निवड मावशींनी परस्पर करून टाकलेली. गप्प बसल्या असत्या तर कोणाला काही कळलंही नसतं. तारीख जवळच होती. मला वाटलं, त्या गप्पच बसतील. मी असतो तर बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मावशी यजमानांना रक्ततपासणीच्या निमित्ताने घेऊन आल्या. हॉलमध्ये सोफा रिकामा होता. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, सोफ्यावरून पुढे नेला, उंच खुर्च्या ओलांडल्या आणि थेट खांबामागे तक्रारकाकांच्या शेजारी नेऊन बसवलं. मग पाण्याच्या मशीनचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये अशी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

"काका," मावशी म्हणाल्या, "यांना सांगा तुमचं सगळं. पहिल्यापासून."

काकांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'सांगा' म्हटलं नव्हतं. आधी त्यांनी संशयाने मावशींकडे पाहिलं, मग घसा साफ केला आणि तोंडाचा पट्टा जो सुटला! "टेकवला की आत खडे भरल्यासारखं होतं. बाग गेली माझी. गुलाबांकडे उभ्याने बघावं लागतं. स्टुलावर बसून माती उकरतो, चमच्याने! लोक हसतात." यजमान एकेक शब्द ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "जाड उशी ठेवून पण नाही?" काका म्हणाले, "गादी ठेवली तरी नाही. शेजारच्याला जमतं म्हणे. मला नाही." हे सांगता सांगता काका तीनदा उठून पाणी प्यायले आणि उठताना एकदाही कशाला धरलं नाही. यजमानांनी तेही पाहिलं. त्या माणसाच्या नजरेतून पायाखालचं काही सुटत नाही.

काका दमले तेव्हा यजमानांनी बायकोकडे पाहिलं.

"हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी मला तिकडे का बसवलंस?"

मावशींनी सांगितलं. सोफा, आजी, मशीन, सगळं सांगितलं, आणि स्वतःला सूट म्हणून एक शब्द वापरला नाही. सगळा हॉल ऐकत होता. पळत्या आजींनी तर ऐकण्यासाठी सरळ खुर्ची बदलली.

यजमान उठले, सोफ्यापाशी गेले, हातातल्या काठीने त्याचा पाय ठोकून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की हसावं की रडावं ते त्यांनाच ठरवता येईना. "अगं, हे पाय मी कापलेत!"

मावशींची मान खाली.

मग कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी मावशींनी नवऱ्याला बोलावून आणलं होतं, सोफा डुगडुगतो म्हणून. त्यांनी कटर लावून चारही पाय सारखे केले. मावशी म्हणाल्या, अजून डुगडुगतो. परत थोडे कापले. मावशी म्हणाल्या, अजून जरासा. अशा रीतीने जमीन समतल करणाऱ्या माणसाने, बायकोच्या शब्दावर, एका बाजूलाही न डुगडुगणारा सोफा चार वेळा कापला होता. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो असा, आणि तोही लेव्हल लावून.

मला हसू फुटलं. पण यजमान हसत नव्हते.

"मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्यावर जास्त जोर लावला." आणि त्या रडल्या. आमच्या मावशी, ज्यांना बघून बाईंचे सासरे उभे राहतात, त्या सगळ्यांसमोर रडल्या. मला फार वाईट वाटलं.

यजमानांनी तारीख रद्द केली. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी सोफ्यावर स्वतः बसून पाहिलं, उठताना माझ्या खिडकीची फळी धरली आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं, मी फार छान समजावते." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बराच वेळ कोणालाच आत बोलावलं नाही.

आठवड्याच्या आतच यजमान हत्यारांची पेटी घेऊन हजर. सोफा आडवा केला, गुडघ्यांखाली जुनी गोणी घडी करून ठेवली आणि चारही पायांना लाकडाचे ठोकळे बसवले, सोफा खुर्चीच्या उंचीला येईल असे. उठताना मावशी मदतीला धावल्या, तर त्यांनी नुसता हात वर करून थांबवलं, पण मग तोच हात पुढे केला. मावशींनी धरला. मला वाटतं, त्यांचं भांडण तिथेच मिटलं.

पुढे लेकीच्या घराची फरशी त्यांनी त्याच जुन्या गुडघ्यांनी घातली. सगळा हिवाळा लागला. थोडं काम, जास्त बसणं, त्याहून जास्त कण्हणं. मावशी रोज दवाखाना सुटला की तिकडे जायच्या आणि फरश्या हातात द्यायच्या. "बघवतं का तुम्हाला?" मी एकदा विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "पण खूश आहेत. मी तेवढंच बघते." इकडे हॉलमध्येही बदल झाला होता. ज्यांचं ठरत नाही, त्यांना आता त्या पळत्या आजी आणि तक्रारकाका यांच्या मधोमध बसवायच्या. आजी एका कानात बस पळवायच्या, काका दुसऱ्या कानात गुलाब सुकवायचे, आणि मधला माणूस बाईंकडे जायचा तो भरपूर प्रश्न घेऊन. बाईंना एकेका पेशंटला दुप्पट वेळ लागायला लागला. काही जण नकोच म्हणून घरी गेले. त्यांना मावशी दारापर्यंत सोडायला जायच्या आणि "परत या" एवढंच म्हणायच्या. मला ते जमलं नसतं.

फरशी झाली त्या दिवशी आम्हाला बघायला बोलावलं होतं. मी चपला खरंच हातात घेतल्या. कोपऱ्यातली शेवटची फरशी राहिली होती. यजमानांनी ती मावशींच्या हातून घेतली, टेकवली, तळव्याने दाबली आणि लाकडी हातोडीने हळूच ठोकली. मग बराच वेळ तसेच खाली बसून राहिले, घरभर बघत.

"हात दे," ते म्हणाले. मावशींनी ओढून उभं केलं. "आता घे तारीख."

मावशींच्या ओठांवर आलेलं 'हो' मला दिसलं. नवऱ्याच्या तोंडून हेच ऐकायची त्या इतके दिवस वाट बघत होत्या. पण त्या म्हणाल्या, "घाई नाही हो. अजून विचार करा. टेकता येणार नाही पुढे."

"माहितेय. टेकून करायचं होतं ते करून झालं," यजमान म्हणाले. "यावर आता चालायचंय."

तारखेआधी बाईंची शेवटची भेट होती, त्या सकाळी हॉल गच्च भरला होता. सोफा उंच, आजी एकीकडे, काका दुसरीकडे. यजमान दारातून आत आले. मावशी जुडगा वाजवत पुढे गेल्या, हात उचलला आणि सवयीने कुठेतरी बोट दाखवणार, तोच थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी जे कधी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"कुठे बसता?"

यजमानांनी सगळ्या हॉलवर शांतपणे नजर फिरवली. आजींनी त्यांच्यासाठी जागा झाडली, काकांनी घसा साफ केला. यजमान हळूहळू चालत गेले आणि दाराजवळच्या मावशींच्या लाकडी स्टुलावर जाऊन बसले. मावशी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि पाळी येईपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.